बबल-टिप अ‍ॅनिमनी (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) रोज आक्रसतेय, क्लाउनफिश फिरकतही नाहीत. काय तपासू?

खाडीकाठ_ठाणे
शनिवार, रात्री ९.४०

टँक खाऱ्या पाण्याचा, ३ बाय दीड बाय दीड फूट, खाली सम्प (फिल्टरची टाकी). दगड-वाळू वजा जाता एकूण पाणी १६० लिटरच्या आसपास. सुरू करून सात महिने झाले. मासे चारच: ओसेलारिस क्लाउनची जोडी, एक फायरफिश, एक लॉनमोअर ब्लेनी. कोरल नाहीत.

अकरा दिवसांपूर्वी तपकिरी-हिरवट बबल-टिप अ‍ॅनिमनी आणली. पूर्ण उघडली तेव्हा वीतभर होती. पहिले दोन दिवस दगडाच्या कपारीत नीट बसली. तिसऱ्या दिवसापासून जागा बदलतेय: कपारीतून वाळूवर, वाळूवरून आता मागच्या काचेवर. रोज दुपारनंतर लिंबाएवढी होते, रात्री थोडी फुलते. रंग फिका पडत चाललाय, टोकं जवळजवळ पांढरी. तोंड किंचित उघडं दिसतं. परवा कोळंबीचा तुकडा दिला, तासाभरात बाहेर टाकला.

आकडे असे: तापमान सकाळी २७, दुपारी चारला ३०.५. सॅलिनिटी १.०२३, प्लास्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट जेमतेम २, फॉस्फेट ०.०३, पीएच ८.१, अल्कलिनिटी ८ डीकेएच. लाईट ९० वॅट एलईडी, रोज नऊ तास. वेव्हमेकर (पाण्याला प्रवाह देणारा पंप) एक, ताशी ४००० लिटरचा, कंपनीची जाळी आहे तशीच. पाणी स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५८. टॉप-अप (उडून गेलेल्या पाण्याची भर) रोज तीन लिटर, दर पंधरा दिवसांनी २० लिटर पाणी बदलते.

सहा टर्बो गोगलगाई होत्या, आता दोन उरल्यात. क्लीनर श्रिम्प तीन आठवड्यांपूर्वी कात टाकताना मेली. मासे मात्र ठणठणीत आहेत, खातात.

विचारायचं हे: अ‍ॅनिमनी मरतेय का, आणि काढून टाकू का? लाईट कमी-जास्त करू का? दुकानदार म्हणतो की ओसेलारिस बबल-टिपमध्ये जात नाहीत, त्यांना कार्पेट अ‍ॅनिमनी लागते. ती आणावी का?

---

भरतीओहोटी
शनिवार, रात्री १०.३५

ताई, आधी जिवंत आहे की नाही ते बघू. नुसतं आक्रसणं म्हणजे मरण नव्हे. निरोगी अ‍ॅनिमनीसुद्धा दिवसातून एखाद्या वेळी आतलं पाणी सोडून मुठीएवढी होते, तपकिरी दोऱ्यांसारखा मळ टाकते आणि पुन्हा भरते. मेलेलीची लक्षणं वेगळी. पाय कशालाच धरत नाही, तोंड उलटून आतला भाग बाहेर येतो, अंगावरून पांढरट शेंबडासारखे धागे सुटतात. खात्री करायची तर पातळ नळीने तिच्या अगदी अंगालगतचं कपभर पाणी ओढून घ्या आणि वास घ्या. मेलेलीचा वास सडक्या मासळीचा असतो, शंका उरतच नाही. तसा वास आला तर त्याच मिनिटाला बाहेर काढा, कारण एवढा मांसल जीव सडला की रातोरात अमोनिया चढतो आणि मासे जातात. तुमची काचेला धरून आहे, म्हणजे अजून वेळ आहे.

दुसरं काम आज झोपायच्या आधी करा. फिरती अ‍ॅनिमनी आणि उघडा वेव्हमेकर हे एकत्र ठेवू नका. कंपनीच्या जाळीच्या फटी मासे अडवायला असतात. अ‍ॅनिमनीचं बोटासारखं टेंटॅकल त्यातून सहज आत जातं, मागून सगळं अंग ओढलं जातं आणि सकाळी पाणी दुधासारखं होतं. खरखरीत छिद्रांचा फिल्टर स्पंज इनटेकभोवती गुंडाळा आणि प्लास्टिकच्या टायने आवळा. स्पंज तीन-चार दिवसांत तुंबतो, म्हणून दर तिसऱ्या दिवशी धुवा, नाहीतर पंप गरम होतो. सम्पकडे जाणाऱ्या ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांवरही मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा लावा.

तिसरं तापमान. दिवसात साडेतीन अंशांची चढ-उतार फार झाली. अ‍ॅनिमनीच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, तिचं बरंचसं अन्न तेच बनवतं. पाणी ३० च्या वर राहू लागलं की ती हे शैवाल बाहेर टाकते, टोकं पांढरी पडणं म्हणजे तेच. पंखा लावून बघा, पण ठाण्याच्या दमट हवेत पाण्याची वाफ कमी होते, त्यामुळे दीड-दोन अंशांपलीकडे फरक पडत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये हाच पंखा तीन अंश उतरवतो. तुमच्या टँकला एक-दशांश अश्वशक्तीचा चिलर पुरेल. तो बंद कपाटात ठेवू नका, गरम हवा बाहेर जायला हवी. नेम धरा २६ चा, दिवसभरात एक अंशापेक्षा जास्त हलू नये.

लाईट वाढवू नका. फिकी पडलेली अ‍ॅनिमनी उपाशी आहे हे खरं, पण शैवाल कमी असताना प्रखर उजेड दिला तर उरलंसुरलंही जळतं. तीव्रता निम्म्यावर आणा, तास आठ ठेवा, रंग परतू लागला की दर चार दिवसांनी पाच टक्के वाढवा. पार मीटर (उजेड मोजायचं यंत्र) भाड्याने मिळाला तर सुरुवात १०० ला करा, शेवट १५० ते २५० च्या मध्ये. तोंड घट्ट मिटेपर्यंत खाऊ घालू नका. गिळून परत टाकण्यात तिची जी ताकद जाते ती तिला आत्ता परवडणारी नाही.

माझा अंदाज: उष्णता आणि जागा. काही हलवाहलव न करता तापमान सावरा, दोन आठवड्यांत बसेल.

---

मिठागर
शनिवार, रात्री ११.५०

भरतीओहोटी यांचं स्पंज, तापमान आणि लाईटबद्दलचं सगळं मान्य. पण अंदाज पटत नाही. नुसत्या उष्णतेने एवढ्या गोगलगाई सहसा मरत नाहीत.

ताई, तुम्ही प्रश्नांच्या आधी जे लिहिलंत तेच मला महत्त्वाचं वाटतं. सहापैकी चार गोगलगाई गेल्या, श्रिम्प कात टाकताना गेली, अ‍ॅनिमनी कोमेजतेय आणि मासे ठणठणीत. कणा नसलेले जीव एकामागून एक जातात आणि माशांना काहीच होत नाही, असं दिसलं की पहिला संशय तांब्यावर. आता प्युरिफायरचं माहितीपत्रक काढा आणि बघा त्यात कॉपर कार्ट्रिज आहे का. हल्लीच्या बऱ्याच घरगुती मॉडेलांत असतं आणि जाहिरातही त्याचीच करतात.

माणसाला त्याने काही होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मि.ग्रॅ. आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मि.ग्रॅ. पर्यंत चालतं. समुद्राच्या पाण्यात मात्र ते लिटरला मिलिग्रॅमचा हजारावा भागसुद्धा नसतं. आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात त्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मि.ग्रॅ. म्हणजे मासा ते सोसतो, परजीवी मरतो. अ‍ॅनिमनीला खवले नाहीत, कवच नाही, तिची उघडी कातडी सरळ पाण्याला लागलेली असते. शिवाय तांबं शैवालाचंही विष आहे. द्राक्षबागेत, पोफळीच्या बागेत बोर्डो मिश्रण करताना मोरचूद घालतात ते बुरशी मारायला. तीच मोरचूद विहिरीतलं शेवाळंही मारते. तुमच्या अ‍ॅनिमनीच्या अंगातल्या झूझँथेलीवर तांबं हेच काम करतं. म्हणून ती पांढरी पडतेय.

आता हिशोब करा. कार्ट्रिजमधून लिटरमागे फक्त ०.१ मि.ग्रॅ. तांबं येतं असं समजा. रोज तीन लिटर टॉप-अप, सहा आठवड्यांत १२६ लिटर. पाणी तीनदा बदललं तर आणखी ६० लिटर. झाले १८६ लिटर, म्हणजे १८.६ मि.ग्रॅ. तांबं. टॉप-अप हे वाफ झालेल्या पाण्याच्या जागी जातं. पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं. १६० लिटरमध्ये ते भागलं तर लिटरला सुमारे ०.१२. थोडं काढलेल्या पाण्यासोबत गेलं, थोडं दगडांनी शोषलं असं धरलं तरी औषधाच्या मात्रेच्या निम्म्याजवळ पोचलात. ज्यांच्याकडे कॉपर कार्ट्रिज नाही त्यांनीही रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी किंवा जुन्या पितळी तोटीचं पाणी टँकला देऊ नये. कारण हेच.

थेंबांच्या किटवर फार विसंबू नका. बहुतेक साध्या किटची पहिली पायरी ०.२५ असते, त्याच्या खाली सगळं शून्यच दिसतं. त्यापेक्षा पॉली-फिल्टरची पांढरी चकती सम्पमध्ये पाणी तिच्यातून जाईल अशी बसवा. तांबं असेल तर ती निळसर होते. साधी घाण असेल तर तपकिरी.

टीडीएस ५८ हेही बघा. ठाण्याला येणारं पाणी मुळात हलकं असतं. प्युरिफायरची मेम्ब्रेन (क्षार अडवणारी आरओची गाळणी) धड असेल तर त्यातून पाच-दहाच्या आसपास टीडीएस निघायला हवा. ५८ येतोय म्हणजे टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी मिसळतोय, त्यातून सिलिकेट आणि फॉस्फेटही टँकमध्ये जातंय.

---

खाडीकाठ_ठाणे
रविवार, सकाळी ८.१५

स्पंज आणि जाळी रात्रीच लावली. वासही घेतला, सडका नाही. माहितीपत्रक बघितलं: कॉपर कार्ट्रिज आहे. प्युरिफायर बसवून सहा आठवडे झाले, त्याआधी डीआय (उरलेले क्षार काढणारं रेझिन) लावलेल्या जुन्या युनिटचं पाणी वापरत होते. पहिली गोगलगाय मेली ती त्यानंतर पंधरा दिवसांनी. आता अ‍ॅनिमनी काढून कुठे ठेवू? आणि टँकचं काय करू?

---

मिठागर
रविवार, सकाळी ९.३०

प्युरिफायरचं पाणी आत्तापासून बंद. नवीन व्यवस्था होईपर्यंत डिमिनरलाइज्ड पाण्याचे कॅन आणा. प्रत्येक कॅनमध्ये टीडीएस मीटर बुडवा, शून्य किंवा एक आला तरच घ्या. बॅटरीचं पाणी म्हणून विकतात त्यातही फरक असतो, लेबलवर जाऊ नका.

दवाखान्याचा टँक असा करा. ४०-५० लिटरचा खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा टब, नवा. त्यात ४० लिटर ताजं मिठाचं पाणी. बहुतेक रीफ सॉल्टना लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे दीड किलो. पंप लावून किमान १२ तास फिरवा, मगच वापरा. टबात हीटर, एअर स्टोन, स्पंज गुंडाळलेला छोटा पंप आणि वर एखादा पांढरा-निळा एलईडी, मंद. जुन्या टँकमधला दगड, वाळू, स्पंज काहीही इकडे आणायचं नाही, त्यात तांबं बसलेलं आहे. पाय धरायला मातीची न रंगवलेली छोटी कुंडी आडवी ठेवा, आधी दोन दिवस साध्या शुद्ध पाण्यात भिजवून. अ‍ॅनिमनी कुंडीत बसली की पुढे कुंडीसकट उचलता येते, पुन्हा खरवडावं लागत नाही. हा फायदा मोठा आहे.

सॅलिनिटीसाठी काट्याचं हायड्रोमीटर बाजूला ठेवा. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी दोन-तीन हजारांश चुकतं. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं भिंगाचं यंत्र) घ्या आणि तो शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर जुळवा. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी, दोन्ही दशांश दाखवणाऱ्या काट्यावर तोलून. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये हे द्रावण बरोबर ३५ दिसायला हवं. टबाचं पाणी आधी टँकच्या खऱ्या आकड्याला जुळवा, मग रोज ०.००१ ने वाढवत १.०२५ वर न्या.

काचेवरून काढताना घाई नको. जुनं बँकेचं कार्ड घ्या, पायाच्या कडेखाली तिरकं सरकवा, एक कड सुटली की थांबा. ती स्वतः पाय आखडते, मग पुढची कड. ओढायचं नाही. पायाला चीर पडली तर तिथून कुजते आणि ती जखम सहसा भरत नाही. नायट्राइल हातमोजे घाला. सुटली की पाण्याखालीच वाडग्यात घ्या, हवेत उचलू नका, आतल्या पाण्याच्या वजनाने फाटते. मग वाडग्यात टबाचं पाणी बारीक नळीने, सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर सोडा. वाडग्यातलं जुनं पाणी टबात ओतायचं नाही.

टबात फिल्टरचे जिवाणू नाहीत, म्हणून रोज २० लिटर बदला. रोज अमोनिया तपासा. पहिले चार-पाच दिवस ती खूप मळ टाकेल, कुंडीखाली साचेल, तो नळीने ओढून घ्या.

इकडे मोठ्या टँकमध्ये दर तीन दिवसांनी ३० टक्के पाणी बदला, तीन वेळा. तीन बदलांनंतर पाण्यातलं तांबं मूळच्या सुमारे एक-तृतीयांशावर येतं. सोबत सम्पमध्ये पॉली-फिल्टर आणि क्युप्रिसॉर्ब (तांबं शोषणारं रेझिन) दोन्ही. दगड चुनखडीचे असतील तर त्यांनी धरलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच जिंकलो असं समजू नका. चकती निळी झाली की बदला.

कायमचा उपाय सोपा आहे. प्युरिफायरच्या मेम्ब्रेनमधून पाणी बाहेर येतं तिथे, म्हणजे टीडीएस कंट्रोलर आणि कार्ट्रिज यांच्या आधी, टी-कनेक्टर टाकून क्वार्टर इंची पाईप बाहेर घ्या, त्यावर बॉल व्हॉल्व्ह. पुढे रंग बदलणाऱ्या मिक्स्ड-बेड डीआय रेझिनचं एक हाउसिंग. घरचे कॉपरचं पाणी पीत राहतील, टँकला शून्य टीडीएस मिळेल. मेकॅनिकला मेम्ब्रेननंतर आणि कंट्रोलरच्या आधी असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो शेवटच्या नळाला पाईप जोडून जातो.

---

भरतीओहोटी
रविवार, सकाळी १०.०५

गोगलगाईंकडे माझं लक्ष गेलं नाही. मी हलवू नका म्हटलं होतं ते मागे घेतो. तांबं असेल तर हलवलंच पाहिजे. फक्त टबालाही तापमान सांभाळावं लागेल, एवढं थोडं पाणी दुपारी पटकन तापतं. बंद केलेल्या पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवा आणि एकेक तरंगवा. बर्फ थेट टाकू नका.

---

समिंदर
रविवार, दुपारी १.२०

माशांच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहितो.

दुकानदार अर्धं खरं सांगतोय. समुद्रात ओसेलारिस तीन अ‍ॅनिमनींत राहतो: मॅग्निफिका, गिगँटिया आणि मर्टेन्स कार्पेट. बबल-टिप त्याची नैसर्गिक सोबतीण नाही. ती मरून आणि टोमॅटो क्लाउनची. पण टँकमध्ये ओसेलारिस बबल-टिप पुष्कळदा स्वीकारतो. कधी तासाभरात, कधी चार-सहा महिन्यांत, कधी अजिबात नाही. हॅचरीत जन्मलेल्या माशाने अ‍ॅनिमनी पाहिलेलीच नसते. तो पंपाशी, काचेच्या कोपऱ्याशी घर करून असतो आणि त्यात त्याचं काही बिघडत नाही. जाळीने हाकलून तिच्यात घालू नका. मासा तिला आधी शेपटी, मग पोट लावून अंग सरावतो. त्याच्या अंगावरच्या चिकट थरात सायलिक आम्ल फार कमी असतं, डंखपेशी सुटत नाहीत त्यामागचं एक कारण हेच मानतात. घाबरलेल्या, जाळीत घासलेल्या माशाचा तो थरच निघालेला असतो.

तुमच्या बाबतीत तर ते आत्ता जवळ जात नाहीत हे चांगलंच आहे. अशक्त अ‍ॅनिमनीला क्लाउन अंग घासून घासून उघडू देत नाहीत. मोठी मादी जास्त दांडगी असते. अ‍ॅनिमनी पसरल्यावर मादीच्या लांबीच्या अडीच-तीन पट असेल तेव्हाच जोडी तिला झेपते. परत टँकमध्ये ठेवाल तेव्हा पहिला आठवडा प्लास्टिकची भाजीची चाळणी उलटी झाकून ठेवा. उजेड जातो, पाणी जातं, मासे जात नाहीत.

कार्पेट आणू नका. आपल्याकडे दुकानात कार्पेट म्हणून जी दिसते ती बहुधा हॅडोनी असते. ती मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात वाळूत सापडते. तिचा नैसर्गिक सोबती सेबी क्लाउन, आपल्याच किनाऱ्याचा मासा, काळसर अंग आणि पिवळी शेपटी. ओसेलारिसचा तिच्याशी समुद्रात संबंध नाही. हॅडोनीची तबकडी अर्ध्या मीटरच्या पुढे जाते, तुमच्या दीड फूट रुंदीत ती काचेपासून काचेपर्यंत येईल. आणि ती मासे खाते. फायरफिश रात्री दचकून वाळूकडे झेपावला की संपला. ब्लेनी तळाशीच बसणारी, तिचंही तेच. हॅडोनीचा चिकटपणा इतका की बोट लावलं तर कातडी ओढली जाते. गिगँटिया आणि मॅग्निफिका दिसायला देखण्या, पण वाहतुकीतच जंतूसंसर्ग घेऊन येतात आणि पहिल्या तीन आठवड्यांत जातात. जिची बबल-टिप दोन-तीन वर्षं टिकली आहे तिने त्यांचा विचार करावा.

दुकानात फिक्या गुलाबी टोकांची, लांब बोटांची स्वस्त अ‍ॅनिमनी दाखवली तर ती कॉन्डिलॅक्टिस असते. ती कॅरिबियन समुद्रातली, तिथे क्लाउनफिश मुळात नाहीतच. ठेवता येते, पण क्लाउन तिच्यात बसेल या आशेने नव्हे. दुधासारखी पांढरीशुभ्र किंवा हळदीसारखी पिवळी दिसली तर पांढरी म्हणजे शैवाल गमावलेली, हळदी बहुतेकदा रंगवलेली. दोन्ही नको.

पुढे मासे वाढवताना लक्षात ठेवा. बटरफ्लाय, मोठे एंजल, ट्रिगर, पफर हे अ‍ॅनिमनी कुरतडतात. मँडरिनसारखे मंद मासे तिच्या पोटात जातात. समुद्रघोडा तर आणूच नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, प्रवाळांसारखाच. दुसऱ्या जातीची क्लाउन जोडी या टँकमध्ये नको, मारामारी ठरलेली. आणि मालवण-देवगडच्या खडकांवर ओहोटीला ज्या लहान अ‍ॅनिमनी दिसतात त्या उचलून आणायचा मोह होतो. त्या भरती-ओहोटीच्या जीव आहेत, क्लाउनला आधार देणाऱ्या नाहीत, आणि मालवणचा सागरी पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे.

क्लाउन घेताना हॅचरीचेच घ्या. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्याकडे बसवून दिलेली आहे, समुद्रातून पकडलेल्यांची गरज राहिलेली नाही.

---

खाडीकाठ_ठाणे
पाच आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉली-फिल्टरची पहिली चकती पाच दिवसांत कडेने निळसर झाली, दुसरी फिकट निळी, तिसरी दहा दिवस झाले तरी तपकिरीच आहे. अ‍ॅनिमनी कुंडीत चौथ्या दिवशी बसली, तेव्हापासून हललेली नाही. तोंड मिटलंय, टेंटॅकल्स बोटाला चिकटतात, मुळाकडून तपकिरी रंग परत येतोय. टोकांचे बुडबुडे मात्र गेले, नुसती लांब बोटं राहिलीत. मेम्ब्रेननंतरचं पाणी आता डीआयमधून शून्य येतं. चिलर लावला, २६ वर स्थिर. आता खाऊ काय आणि किती? बुडबुडे परत येतील का? आणि मोठ्या टँकमध्ये परत कधी नेऊ?

---

मिठागर
रविवार, रात्री ८.३०

बुडबुड्यांची काळजी सोडा. तीच अ‍ॅनिमनी कधी गोल टोकांची असते, कधी सरळ बोटांची, आणि दोन्ही अवस्थांत धडधाकट असते. टेंटॅकल्स चिकटतात आणि पाय पक्का आहे, तेवढं पुरे.

खाऊ आठवड्यातून दोनदा. बाजारातली ताजी करंदी किंवा सोललेली कोळंबी, मीठ-हळद न लावलेली, शुद्ध पाण्यात धुऊन वाटाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा. पहिले दोन आठवडे तर वितळवलेला मायसिसच (कोळंबीसारखा बारीक जीव, गोठवलेला मिळतो) द्या, पाच-सहा दाणे. पंप दहा मिनिटं बंद, लांब चिमट्याने टेंटॅकलवर अलगद टेकवा, तोंडात कोंबू नका. तिने स्वतः बोटं मिटून तुकडा आत नेला पाहिजे. दोन-तीन तासांत परत टाकला तर तुकडा मोठा होता, पुढच्या वेळी निम्मा करा. सुकट किंवा सुका जवळा नको, त्यात मीठ आणि वाळू असते.

मोठ्या टँकमध्ये थेट तिला नेऊ नका. आधी दोन नव्या टर्बो गोगलगाई सोडा. त्या तीन आठवडे काचेवर चढून चरत राहिल्या, त्याच काळात चकती निळी झाली नाही, तरच न्या. गोगलगाय वाळूवर उलटी पडून राहिली, शिवल्यावर झाकण हळू ओढते असं दिसलं तर तांबं अजून सुटतंय, आणखी दोनदा ३० टक्के पाणी बदला आणि नव्या गोगलगाईंवर पुन्हा तीन आठवडे मोजा. नायट्रेट तोवर ५ च्या आसपास येऊ द्या, अगदी शून्याच्या पाण्यात बबल-टिप रोडावते.

नेताना कुंडीसकट न्या. कुंडी दगडांपासून आणि काचेपासून १५ सेंटीमीटर लांब, वाळूच्या मधोमध, प्रवाह थेट अंगावर येणार नाही अशी. मागे एक खोल भोकाचा दगड ठेवा. तिला कुंडी नकोशी झाली तर पाय आत खुपसायला तीच जागा जवळ पडेल, वेव्हमेकर नाही. स्पंज काढू नका. आणि लाईट गेल्यावर वेव्हमेकर आणि एअर पंप इन्व्हर्टरवर चालतील असं करून घ्या. दोन्ही मिळून ३०-४० वॅटही लागत नाहीत. चिलर आणि हीटर मात्र त्या लायनीवर नको.